टँकरचं लिव्हर

टँकर हे नाव त्याला कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस बघून ठेवलं होतं. अंगाने आडवा. आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर गच्चीवरचा माणूस दचकावा. आणि प्यायला बसला की त्याचा हात धरेल असा कोणी कंपनीत नव्हता. कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. शहरातल्या उंच इमारती, कचेऱ्या, दवाखाने, सगळीकडच्या लिफ्टा त्यांच्याकडे. टँकर तिथे उमेदवार म्हणून लागला होता, तो आता मुख्य मेकॅनिक झाला होता.

संध्याकाळी काम सुटलं की ठरलेली मंडळी चौकापलीकडच्या तळघरातल्या बारमध्ये जमायची. दोन पेले पोटात गेले की कोणी साहेबाच्या नावाने बोटं मोडायचा, कोणी शाळेतल्या आठवणी काढून डोळे पुसायचा. वायरमन तर दर वेळी नवी कंपनी काढायचा आणि सगळ्यांना तिच्यात भागीदार करायचा. टँकरला काही म्हणजे काही व्हायचं नाही. इतरांच्या दुप्पट रिचवून तो आला तसाच सरळ उठायचा, कोणाची विसरलेली छत्री हातात द्यायचा, कोणाला पार दारापर्यंत पोचवायचा, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी, चकचकीत दाढी करून, कामावर हजर.

"आपल्याला चढतच नाही," तो म्हणायचा. दुसरा एखादा ज्या सुरात आपल्या मुलाचा पहिला नंबर सांगेल, त्या सुरात.

कामावर थेंब नाही, हा त्याचा नियम. लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभं राहून काम करायचं, म्हणजे वर दोर, खाली काळोख आणि मधे आपण. तिथे हात थरथरून चालत नाही, आणि त्याचा कधी थरथरला नाही. त्याच्या लेखी बेवडा म्हणजे जो गटारात पडतो, बायकोवर हात उचलतो, पोरांच्या तोंडचा घास पितो. यातलं तो काहीच करत नव्हता. तेव्हा तो बेवडा नव्हता. इतकं सोपं होतं ते.

त्याला एक ताई होती. आठ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, आई कपड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची, आणि धाकट्याला वाढवलं ते ताईने. तिनेच त्याचं नाक पुसलं, तिनेच त्याला पाढे शिकवले, आणि शाळेत दोनदा नापास झाल्यावर तिनेच त्याचा कान धरून तंत्रशाळेत नेऊन बसवलं. "याला पुस्तकं कळत नाहीत," ती तिथल्या मास्तरांना म्हणाली होती, "पण घरातलं घड्याळ उघडून परत लावतो. आणि ते चालतं."

ताई चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाच्या तोंडावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी गरम करून हलकेच वाकवायची, "सरळ बघा, नाकावर टोचतंय का?" म्हणून विचारायची. नवरा, म्हणजे टँकरचे भाऊजी, छापखान्यात. एक मुलगी, कॉलेजात. टँकरच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून घर. दोन्ही घरांच्या किल्ल्या दोन्ही घरांत.

एकदा एक म्हातारे गृहस्थ नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघत म्हणाले, "बाई, या काचेला पिवळा रंग आहे का हो? तुमचे डोळे पिवळे दिसताहेत."

काच स्वच्छ होती. ताईने मागच्या आरशात पाहिलं आणि मुकाट्याने सुट्टी घेऊन डॉक्टर गाठला.

लिव्हर खराब झालं होतं. थोडंथोडकं नाही, पार आक्रसून दगडासारखं. शरीर आपल्याच लिव्हरवर उलटतं असा काहीतरी आजार, वर्षानुवर्षं आतल्या आत चाललेला. औषधांनी थोडा काळ रेटता येईल, पण खरा उपाय एकच, दुसरं लिव्हर बसवणं.

लिव्हर म्हटल्यावर लोकांचे कान टवकारलेच. समोरची बाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "दिसत नाही हो तशी. पण कोणाचं काय सांगावं." हे टँकरच्या कानावर गेलं तसा तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तो काही बोलायच्या आत मागून ताई आली आणि तिने त्याचा शर्ट ओढला.

"चल घरी. काय भांडणार आहेस? मी खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे." आणि हसली. पण जिन्यात ती एका पायरीवर बसली आणि तिला लवकर उठवेना.

लिव्हरचा तुकडा जिवंत माणूस देऊ शकतो, देणाऱ्याचं उरलेलं परत भरून येतं, हे दवाखान्यात कळलं. भाऊजींचा रक्तगट जुळेना. मुलगी तयार होती, पण चणीने अगदी लहानखुरी, आणि ताईने तर तिचं नावसुद्धा काढू दिलं नाही. उरला टँकर. त्याचा रक्तगट जुळला. देणाऱ्या-घेणाऱ्यांची सगळी व्यवस्था बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाईंच्या टेबलासमोर तो छाती काढून बसला.

"अर्धं काय, पाऊण घ्या," तो म्हणाला. "माझ्याकडे माल भरपूर आहे."

बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "दारू किती घेता?"

"कधीमधी. मित्रांत बसलो तर एखाद-दुसरा."

शेजारी त्याची बायको बसली होती. ती छताच्या पंख्याकडे बघायला लागली आणि बराच वेळ बघत राहिली. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तपासण्या लिहून दिल्या. रक्त झालं, फोटो झाले, पोटावर गार जेल लावून लिव्हरचा कडकपणा मोजणारं यंत्र झालं. टँकर तिथल्या तंत्रज्ञाला यंत्राची मोटर कुठे असते म्हणून विचारत होता. सगळं कसं मजेत.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. पन्नाशीच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या. 

"तुमचं लिव्हर आम्ही घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या.

टँकरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "माझं? माझं काय झालंय?"

"खूप चरबी साठली आहे. नुसती चरबी असती तरी एक वेळ ठीक. ते कडक व्हायलाही लागलंय. अशा लिव्हरचा तुकडा काढला तर तुमच्या जिवाला धोका, आणि लावला तर ताईंच्या."

"पण मला कसलाच त्रास नाही. एक दिवस दांडी नाही कामावर."

"लिव्हर फार सोशिक असतं. ओरडतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो."

"मला चढतसुद्धा नाही डॉक्टर, कोणालाही विचारा."

"तेच तर नडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्यांना चढते ते थांबतात. तुम्हाला थांबवायला कोणी नव्हतं. चढो न चढो, पोटात गेलेली सगळी त्या लिव्हरलाच निस्तरावी लागते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "या खुर्चीत रोज कोणी ना कोणी बसतं. बँकेतले, दुकानदार, गाड्या चालवणारे. बायकासुद्धा. एकही गटारात पडलेला नसतो. सगळे वेळेवर कामाला जाणारे. आज तुम्ही देणारे म्हणून आलात. असंच चाललं तर काही वर्षांनी घेणारे म्हणून याल."

टँकर एवढा मोठा माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसला. त्याने विचारलं, "परत नीट होतं का हे?"

"तुमचं अजून मागे फिरण्याजोगं आहे. दारू पूर्ण बंद. वजन खाली. काही महिन्यांनी पुन्हा तपासू."

"ताईकडे आहेत तेवढे महिने?"

त्यांनी खोटा धीर दिला नाही. "सांगता येणार नाही. कोणा गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दान केलं आणि जुळलं, तर तसंही मिळेल. ताईंचं नाव त्या यादीत नोंदवलेलं आहे. पण त्या भरवशावर बसू नका. आणि आता खरं सांगा, रोज किती?"

या वेळी टँकरने खरं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, एकदम सोडायची तर माझ्या देखरेखीखाली सोडा. पहिल्या आठवड्यासाठी गोळ्या दिल्या, हात फार थरथरले, भास झाले, तर ताबडतोब या, मर्दुमकी दाखवत घरी बसू नका, असं बजावलं.

ताईला सांगायचं काम सगळ्यांत अवघड. तो तिच्या पलंगाशी उभा राहिला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. ताईने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, आणि मग अचानक तिला हसू फुटलं. खो खो हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे बाळ्या, मी न पिता गाळात आणि तू पिऊन गाळात! आईने काय जोडी काढली आहे!"

"ताई, मी..."

"तू आधी जेव. तोंड बघ कसं झालंय."

एक शब्द ती रागावली नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं टँकरला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मग त्याने सोडली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पहिले दिवस अंगाला दरदरून घाम, डोक्यात घण, घरातल्या प्रत्येक आवाजाचा राग. बायकोने पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला तरी तो भडकायचा. ती बाई खमकी. एकदा म्हणाली, "अहो, ओरडायचं असेल तर गच्चीवर जा, तिथे टाक्या आहेत, त्यांच्यावर ओरडा. घुमेल तरी." तो खरंच वर गेला, पण तिथे उभं राहिल्यावर ओरडावंसं वाटेना. मुकाट खाली आला आणि तिला भांडी घासू लागला.

अंगातलं शांत झालं तरी संध्याकाळ काही शांत होईना. काम सुटलं की पाय आपोआप चौकाकडे वळायचे. ती वेळ काय करायची हा प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता. मग त्याने चालायला सुरुवात केली. घरी जायचं ते लांबच्या रस्त्याने, चौक टाळून. आणि वजन उतरवायचं म्हणून जिने चढायला लागला. लिफ्टचा मेकॅनिक, हातात हत्यारांची पेटी, आणि जातो जिन्याने! इमारतीतली माणसं घाबरून विचारायची, "तुम्हीच जिन्याने? म्हणजे लिफ्टमध्ये काही धोका आहे का?" एका इमारतीत तर सेक्रेटरीने कंपनीत फोन लावला. साहेबाने टँकरला बोलावून घेतलं.

"अरे, तू आमचा धंदा बसवतोस का?"

"साहेब, लिफ्ट ठणठणीत आहे. बिघाड माझ्यात आहे."

तेव्हापासून तो जिना चढताना भेटेल त्याला आधीच सांगायचा, "लिफ्ट चालू आहे हो, मीच बंद आहे."

बारमधल्या मंडळींनी पहिले काही दिवस कौतुक केलं, मग थट्टा. वायरमन म्हणायचा, "टँकर रिकामा चाललाय, रस्त्यात नुसता खडखडाट." त्यात मायाही होती, पण खरं सांगायचं तर त्यांना तो नकोसा झाला होता. न पिणारा माणूस टेबलाशी असला की प्यालेल्यांना आपला आवाज ऐकू येतो. टँकरला ते कळायचं. वाईट वाटायचं. इतक्या वर्षांची सोबत, आणि तिच्यात दारू काढून घेतल्यावर फारसं काही उरत नव्हतं, हे काही त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही.

आणि मग तो घसरलाच. कंपनीतले सगळ्यांत जुने मेकॅनिक, ज्यांनी त्याला दोराला हात लावायला शिकवलं, ते निवृत्त झाले. कंपनीच्याच हॉलमध्ये दुपारी निरोपाचा कार्यक्रम. भाषणं झाली, म्हाताऱ्याला रडू आलं, त्याने आपल्या हाताने पेला भरून टँकरच्या पुढे धरला. "माझ्याकडून शेवटचा घे बेटा." टँकरने घेतला. त्याच्यामागून आणखी दोन गेले. नेहमीसारखंच काही झालं नाही. न चढता, न डुलता तो सरळ घरी चालत आला.

रात्रभर अंथरुणात कूस बदलत राहिला. सकाळी कामाला न जाता तो दवाखान्यात गेला आणि कोऑर्डिनेटर बाईंच्या टेबलाशी उभा राहिला.

"काल घेतली मी. तीन," तो म्हणाला. "कोणाला कळलं नसतं. पण तुम्हाला सांगायला आलो."

बाईंनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. "बसा," म्हणाल्या. "आपण होऊन येऊन सांगितलंत, हे मी लिहिते. पण तपासणी पुढे ढकलावी लागेल. आता अशी घाई करून चालणार नाही."

"किती पुढे?"

त्यांनी सांगितलं. टँकरने मान डोलावली आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या भिंतीला पाठ टेकवून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भर दिवसा गरगरल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात ताईला भरती करावं लागलं. पोटात पाणी झालं होतं, पाय सुजले होते, आणि लिव्हरने जे विष गाळायचं ते न गाळल्यामुळे ते डोक्यात चढलं होतं. भाऊजी औषधं आणायला गेले होते. टँकर एकटाच तिच्याजवळ बसला होता. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलेलं. ताईने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत, पण मोठं सौजन्य होतं.

"या ना, बसा," ती म्हणाली. "बसलात होय? बरं झालं."

मग तिने दोन्ही हात उचलले. हातात काही नव्हतं. त्या रिकाम्या हातांनी तिने त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बसवलं, दोन्ही कानांमागे बोटं फिरवली, जरा मागे होऊन बघितलं.

"सरळ बघा. नाकावर टोचतंय का?"

टँकरने सरळ बघितलं. "नाही," तो म्हणाला. "अगदी बरोबर बसलाय."

"स्पष्ट दिसतंय?"

"हो."

"मग झालं," ताई म्हणाली आणि समाधानाने डोळे मिटले.

औषधांनी ती दोन दिवसांत भानावर आली. यातलं तिला काही आठवत नव्हतं, आणि टँकरने ते कोणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा कितीतरी काळाने सांगितलं. पण त्या दुपारनंतर त्याच्यात काहीतरी बदललं. आधी तो दात-ओठ खाऊन दारूपासून लांब राहत होता. आता तो भांडायचाच थांबला. संध्याकाळी हुरहुर यायची, तो तिला येऊ द्यायचा, आणि पायऱ्या चढत राहायचा. निवृत्त मेकॅनिकच्या घरी जाऊन त्याने सांगितलं, "तुमचा कामाचा शेवटचा दिवस तो माझा पिण्याचा शेवटचा." म्हाताऱ्याला सगळी हकीकत कळली तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अरे, मला आधी बोलला असतास तर मी तुझ्यापुढे सरबत धरलं असतं!"

टँकर वाळला. कंबरेचे पट्टे नवे घ्यावे लागले, शर्ट अंगावर लोंबायला लागले. भाची म्हणाली, "मामा, तू आता टँकर नाहीस, तू पाइप आहेस." ताईचं मात्र उलट. तिचं पोट फुगायचं, पाणी काढायचं, परत फुगायचं. चेहरा हळदीसारखा, हातांच्या काड्या. दोघं भावंडं एकमेकांना बघून काहीतरी विनोद करायची, आणि कोणी एक खोलीबाहेर गेलं की दुसरं भिंतीकडे तोंड करायचं.

फेरतपासणी झाली. पुन्हा रक्त, पुन्हा फोटो, पुन्हा ते गार जेल. या वेळी टँकरने मोटरची चौकशी केली नाही. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचे आकडे नीट पाहिले, मागचे शेजारी ठेवले, पुन्हा पाहिले.

"हे तुमचंच ना?" त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "चालेल. घेऊ आपण."

टँकर दवाखान्याच्या मधल्या अंगणात येऊन बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, धीर धरा म्हणाली. तिला वाटलं याचं कोणी गेलं. "नाही हो," टँकर नाक ओढत म्हणाला, "पास झालो."

ऑपरेशनची तारीख ठरली. त्याने रजा टाकली, हत्यारांची पेटी वायरमनच्या ताब्यात द्यायची म्हणून पुसून ठेवली, काय कुठे आहे ते त्याला दहादा समजावलं. ताईने त्याला बजावलं की डॉक्टरांना सांग, जास्तीचं काढू नका, याला खायची हौस फार.

आणि तारखेच्या आदल्याच आठवड्यात, रजेपूर्वीच्या शेवटच्या कामावर असताना, फोन आला. एका कचेरीच्या इमारतीत तो लिफ्टच्या डब्यावर उभा होता, दरवाज्याचा पट्टा बदलत होता. फोन वर मशिनरूममध्ये वायरमनजवळ होता. वायरमनने वरून आरोळी ठोकली, "टँकर! तुझे भाऊजी! म्हणतात ताबडतोब दवाखान्यात ये! लिव्हर मिळालं!"

"कोणाचं?" टँकर खालून ओरडला. "माझं तर माझ्याकडेच आहे!"

अपघातात गेलेल्या कोणा माणसाच्या घरच्यांनी दान केलं होतं. ज्या रुग्णाला आधी मिळायचं त्याला ताप भरला होता, म्हणून ते ताईपर्यंत आलं. टँकर पोचला तेव्हा तिला आत न्यायची तयारी चालली होती. तिने चाकांच्या खाटेवरून त्याचा हात धरला, आणि दार बंद झालं.

टँकर कोऑर्डिनेटर बाईंकडे गेला. "मग माझं?" त्याने विचारलं. त्याचा आवाज इतका लहान झाला होता की त्यालाच तो ओळखू आला नाही.

"तुमचं तुमच्याकडेच राहू दे," बाई म्हणाल्या. "जिवंत माणसाला चिरावं लागलं नाही तर आम्हाला हवंच असतं."

त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण आत कुठेतरी असंही वाटत होतं, की आपण घासूनपुसून, जीव टाकून एक वस्तू तयार केली आणि दारात उभं राहिल्यावर घरच्यांनी म्हटलं, नको, मिळाली आम्हाला. बायकोने ते ओळखलं. ती त्याच्याजवळ बसली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वाईट वाटून घ्यायचं तर घ्या थोडं. पण मला विचाराल तर मी सुटले. तुम्हा दोघांना एकाच दिवशी आत पाठवायचं म्हणजे माझ्या काळजाचं पाणी झालं होतं."

ऑपरेशन लांबलं, पण नीट पार पडलं. ताईच्या डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू उतरत गेला. त्या अनोळखी माणसाचं नाव त्यांना कधी कळलं नाही; तसा नियमच आहे. आपल्या घरी आनंद झाला तेव्हा कुठल्यातरी घरात दिवा विझला होता, हे ताईच्या मनातून जाईना. रोज सकाळी डोळे उघडले की ती उजव्या बरगडीखाली हात ठेवून काहीतरी पुटपुटायची. काय, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

ताई घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बारमधली मंडळी टँकरला घ्यायला आली. वायरमनने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "सुटलास गड्या! ताई बरी, तुझं लिव्हर नवं कोरं. आता कोणासाठी थांबायचं? चल, आज आमच्याकडून."

टँकर त्यांच्याबरोबर चौकापर्यंत गेला. बारच्या पायऱ्यांवरून तोच ओळखीचा वास वर येत होता, आतून हसण्याचा आवाज. वायरमनचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. ज्याच्यासाठी सोडली ते काम तर दुसऱ्यानेच केलं होतं. आता तपासायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. टँकरने वायरमनचा हात खांद्यावरून हलकेच काढला.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "माझी भूक मोडेल. घरी जेवण थांबलंय."

"अरे, पण का? कारण तरी सांग."

"कारण नाही रे. नाही घ्यायची, एवढंच."

ताईसाठी त्याने जे केलं त्याचं लोक अजून कौतुक करतात. पण त्याची बायको म्हणते, मला विचाराल तर तो माणूस मला खरा दिसला तो त्या संध्याकाळी. कोणाचा जीव टांगणीला नव्हता, कोणी बघत नव्हतं, आणि ते जेवायच्या वेळेला घरी आले.

याला आता बरीच वर्षं झाली. तो अजून लिफ्टच दुरुस्त करतो. लोकांना उपदेश करत नाही. कोणाच्या पेल्याकडे डोळे वटारून बघत नाही. फक्त एकदा वायरमन कामावर जरा बाजूला येऊन, पेचकस उगाच फिरवत म्हणाला, "ते तुझं गार जेलवालं यंत्र कुठे असतं रे? नुसतं विचारतोय." टँकर म्हणाला, "उद्या सकाळी उपाशीपोटी ये. मी येतो बरोबर." वायरमनचंही कडक व्हायला लागलेलं निघालं. बाहेर येऊन त्याने टँकरला अस्सल शिव्या घातल्या, दवाखान्याला घातल्या, मग बाकावर बसला. टँकरने त्याला काही समजावलं नाही. दोघांसाठी चहा आणला आणि त्याचा थंड होईपर्यंत तिथेच बसून राहिला. वायरमनने एका झटक्यात सोडली नाही, धरसोड चालली, पण टँकर त्याच्याबरोबर दर तपासणीला जातो.

ताई दुकानात परत जाते, अर्धा दिवस. औषधं जन्माची आहेत, त्यांच्यामुळे संसर्ग पटकन होतो, म्हणून सर्दी-पडसं झालेल्या गिऱ्हाइकाला ती लांबच बसवते. मागच्या रविवारी तिने टँकरला भिंतीत फळी ठोकायला बोलावलं. फळी एका बाजूला किंचित उतरती बसली. ताईने लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि तोंडाचा पट्टा सोडला. एवढ्या मोठ्या इमारतींच्या लिफ्टा सरळ चालवतोस आणि बहिणीची एक फळी सरळ बसत नाही? टँकरही चढ्या आवाजात म्हणाला की भिंतच वाकडी आहे, फळीला काय बोलतेस. समोरची बाई भांडण बघायला गॅलरीत आली. भाऊजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. दोघं भावंडं श्वास न घेता, रंगात येऊन, एकमेकांवर ओरडत होती, आणि टँकर स्टुलावर चढून दुसऱ्यांदा खिळे काढत होता.